हौदावरची फरशी



१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीतरी साखर वाटली. टीव्हीवर दिवसभर एकच वाक्य चालू होतं, महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक तब्बल ७२ वर्षांनी! मग ७२ वर्षांपूर्वीचे कोण, तर खाशाबा जाधव. संध्याकाळी माझा नातू विचारतो, "आज्जी, खाशाबा आपल्याच तालमीतले ना गं?"

त्याला कुणी सांगितलं, तर तालमीतल्या पोरांनी. आता गंमत अशी की मी लग्नाआधी आणि लग्नानंतर याच शिवाजी पेठेत राहिले, आणि कोल्हापुरातल्या निदान पाच-सहा तालमींतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय की खाशाबा आमच्याच हौदात घुमले. एवढ्या हौदांत घुमायचं तर माणसाला कॉलेजला जायला वेळ कधी मिळणार! मी इतिहास शिकवलाय छत्तीस वर्षं. त्यामुळे नातवाला सरळ "होय रे बाळा" म्हणवेना. त्याला जे सांगितलं आणि सांगता सांगता मला जे सुचत गेलं, ते लिहून ठेवतेय.

खाशाबा मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. पहिला वस्ताद म्हणजे बापच. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शाळा झाली आणि पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. म्हणजे आमचं कोल्हापूर त्यांच्या आयुष्यात आलं ते कॉलेजमुळे. पण कॉलेजातला पोरगा कुस्ती करतोय म्हटल्यावर त्याला जोड कुठे मिळणार, माती कुठे मिळणार, बघायला माणसं कुठे मिळणार? ते सगळं या गावात होतं. म्हणून कुठल्या एका तालमीचे असं म्हणण्यापेक्षा ते गावाचे होते असं म्हटलं तर भांडण मिटेल. (मिटणार नाही, मला माहीत आहे.)

हे गावात का होतं, त्याचं उत्तर शाहू महाराज. ते १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं आणि परत येऊन खासबागेचं मैदान बांधायला घेतलं. १९१२ ला ते पुरं झालं. खासबागेत एकदा कुठल्याही पायरीवर बसून बघा, मधला हौद दिसत नाही असं होत नाही. देशभरचे मल्ल इथे आले, राहिले, त्यांना खुराक लावला गेला. आणि गावातल्या पेठापेठांतून, गल्लीगल्लीतून तालमी उभ्या राहिल्या. बाहेरच्या माणसाला तालीम म्हणजे नुसती व्यायामशाळा वाटते. आमच्याकडे तालीम म्हणजे गल्लीचं कोर्ट, गल्लीची चावडी, गणपतीचा मांडव, मयताला खांदा देणारी माणसं, आणि मधोमध लाल मातीचा हौद.

आमच्या गल्लीतल्या तालमीचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरच्यांना ते माहीतच आहे, बाकीच्यांनी आपापल्या गल्लीतली तालीम डोळ्यांपुढे आणावी, फारसा फरक पडणार नाही.

माझे वडील (आम्ही त्यांना आबा म्हणत असू) शाहू मिलमध्ये होते. पहाटे चारला तालमीत जायचे, जोर-बैठका काढून, दोन-तीन लढती धरून, तसेच मिलच्या भोंग्याला. अंगाला माती असायची ती ओली नव्हे, वाळलेली, आणि तिला एक वास यायचा. तो वास अजून सांगता येतो मला. कारण त्या मातीत काय नसायचं! चाळून घेतलेली लाल माती, तिच्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर. पोरगं खरचटलं तर त्या मातीनेच जखम भरायची म्हणत. माती रोज उकरावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते आणि पाठ मोडते. उकरायचं काम नव्या पोरांचं. आबा म्हणायचे, ज्याने सहा महिने माती उकरली नाही त्याला डाव शिकवू नये.

हे सगळं मला ऐकून माहीत. कारण मुलींनी आत जायचं नाही. नुसतं हौदात नव्हे, उंबऱ्याच्याही आत नाही. आत मारुती, तो ब्रह्मचारी, आणि पैलवान लंगोटावर. रस्त्याच्या बाजूला एक उंच खिडकी होती, तिला गज. दगडावर उभं राहिलं की आतल्या भिंतीचा वरचा भाग आणि टांगलेल्या मुदगलांची टोकं दिसायची. शड्डूचा आवाज मात्र आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई त्या आवाजावर वेळ ओळखायची. तालमीत खेड्यावरनं आलेली दोन-तीन पोरं राहायला असत. त्यांच्यासाठी गल्लीतल्या घरांतून आळीपाळीने दूध जायचं. आमची पाळी मंगळवार आणि शनिवारची. आई दूध आटवून पितळी तांब्यात भरायची आणि माझा भाऊ ते नेऊन द्यायचा. भाऊ घरी नसला तर मी न्यायची, पण उंबऱ्याबाहेर ठेवून हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. अशी आठ-नऊ वर्षं तरी मी तांब्या ठेवला असेन.

आता खाशाबांकडे वळू. १९४८ ला लंडनला ऑलिंपिक भरलं. तिथे जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा तोवर मातीत वाढलेले, गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम तिथेच जाऊन पाहिले. जाण्याआधी रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं होतं. ५२ किलोच्या गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या गड्यांना हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले, आणि सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावे. आबा सांगायचे तेव्हा इथे उजवा हात उचलून खाशाबांची ढाक दाखवायचे, समोरच्याच्या मानेला मिठी घालून त्याला असा जमिनीवर फेकायचा... आणि आई ओरडायची, "अहो, कंदील!"

पुढचं हेलसिंकी १९५२ चं. मधल्या काळात काय झालं हे मुलांना शिकवताना मी फळ्यावर एकच तारीख लिहायची, १ मार्च १९४९. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. चांगलंच झालं, लोकशाही आली, त्याबद्दल वाद नाही. पण १९४८ ला पैलवानाला विलायतेला पाठवणारा एक दरबार होता, आणि १९५२ ला तो नव्हता. त्याच्या जागी अजून काहीच तयार झालं नव्हतं. आधी तर निवडीतच घोळ. मद्रासला आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी ती मारली. निवड झाली, आता पैसे? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

ही गोष्ट आपण सगळे गर्वाने सांगतो आणि ती आहेच तशी. मी मात्र मास्तरीण असल्यामुळे माझं मन दर वेळी त्या घरात जातं. १९५२ चे सात हजार! घरच्या बाईंना आधी विचारलं असेल का, की कागदावर सही झाल्यावर सांगितलं असेल? पगारावर चालणारं घर, पोरगा जिंकेल याची खात्री नाही, जिंकला तरी पैसे मिळतील याची त्याहून नाही. एका मास्तराच्या घरावर एका देशाचं पदक उभं होतं, हे मला कौतुकाचं वाटतं आणि तितकंच लाजिरवाणंही वाटतं.

हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खाशाबा उतरले. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानांना चीत केलं, जर्मनीच्या गड्याला गुणांवर हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत फार लांबली. हा इशी मुळात ज्युदोवाला, त्याने पुढे सुवर्ण घेतलं. आणि ती संपल्यासंपल्या पुरती विश्रांती न देता त्यांना रशियाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला उभं केलं, अशी हकिकत सांगतात. नियमाप्रमाणे मधे वेळ मिळायला हवा होता, पण ते बोलायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. २३ जुलै १९५२. ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

आपल्या लोकांना एक नाव मात्र आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. त्याच हेलसिंकीत, खाशाबांच्या वरच्याच वजनगटात, केशव माणगावे उतरले होते. तेही आपल्या कोल्हापूरकडचे. ते चौथे आले. अमेरिकेचा हेन्सन तिसरा, हे चौथे. दोघे मिळून गेले, एकाचं नाव दिल्लीच्या कुस्ती हॉलला आहे, दुसऱ्याचं नाव मी वर्गात विचारलं की मुलं खिडकीबाहेर बघायची. आणि त्याच्याही आधी, १९२० ला अँटवर्पला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने जे पहिलं भारतीय पथक गेलं, त्यात रणधीर शिंदे आणि कुमार नवले असे दोन पैलवान होते आणि आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. शिंदेसुद्धा चौथे! ब्राँझच्या लढतीत इंग्लंडच्या बर्नार्डकडून हरले. तिसऱ्या आणि चौथ्यात किती अंतर असतं हे ज्याने घरात चौथा नंबर आलेला मुलगा पाहिलाय त्याला विचारा.

खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांनी मग कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्यातून पैसे उभे करून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला विचाराल तर पदकाच्या खालोखाल मोठी गोष्ट हीच. १९५५ ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. आता १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन असतो. असो.

माझा भाचा लंडनला असतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगत होते, तर म्हणाला, मावशी, खाशाबा १९४८ ला जिथे लढले तो अर्ल्स कोर्टचा एम्प्रेस हॉल आता नाही, तिथे एक उंच इमारत आहे. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी दोन दिवस विचार करत होते. त्याच्या ऑफिसजवळ रीजंट स्ट्रीटवर पॉलिटेक्निकची जुनी इमारत आहे. क्विंटिन हॉग नावाच्या गृहस्थांनी कामकरी तरुण पोरांसाठी काढलेली संस्था, दिवसभर काम करणाऱ्यांनी संध्याकाळी शिकावं म्हणून. तिथल्या पोरांनी १८८३ ला धावण्याचा क्लब काढला, त्याचं पुढे नाव पडलं पॉलिटेक्निक हॅरिअर्स. म्हणजे आमची मिलवाल्यांची तालीमच की! फक्त माती नाही, रस्ता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन भरवायचं काम याच क्लबाकडे होतं. त्या शर्यतीचं २६ मैल ३८५ यार्डांचं अंतरच पुढे जगभर कायम झालं.

आणि माणसं बघा. अँटवर्पला आपले शिंदे चौथे आले, त्याच ऑलिंपिकात या क्लबाच्या अल्बर्ट हिलने वयाच्या एकतिसाव्या वर्षी ८०० आणि १५०० मीटरची दोन सुवर्णं घेतली. हेलसिंकीत १०० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं मॅकडॉनल्ड बेलीने, तो मूळचा त्रिनिदादचा आणि धावायचा याच क्लबाकडून. खाशाबांच्या आधी दोनच दिवस! एकाच गावात, एकाच आठवड्यात, दोन ब्राँझ, एक तालमीतलं आणि एक क्लबातलं. दोघांची भेट झाली असेल का कुणास ठाऊक.

१९८५ ला हा क्लब किंग्स्टनच्या एका क्लबात मिसळला आणि स्वतंत्र म्हणून संपला. पण त्याचे कागद, भाचा म्हणतो, वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जपून ठेवलेत. कुणीही जाऊन बघू शकतं. मी म्हटलं, अरे, आमच्याकडे उलटं आहे. तालीम जागच्या जागी आहे. पाटी आहे, मारुती आहे, अध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष तर चार आहेत. फक्त हौद नाही, आणि त्यात कोण कोण घुमलं ते लिहिलेला कागद नाही.

हौद कधी गेला? एका दिवसात गेला नाही. वस्ताद वारले, त्यांच्या जागी कुणी बसलं नाही. खेड्यावरनं राहायला येणारी पोरं यायची थांबली, कारण दूध-बदाम-तुपाचा खर्च गल्लीला झेपेना. मिलचा पगार पहिल्यासारखा राहिला नाही, आणि पुढे मिलच राहिली नाही. गल्लीतली पोरं फुटबॉलकडे वळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही हं! पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार यांची मॅच शाहू स्टेडियमवर असली की आमच्या घरातही दोन तट पडतात आणि भाकरी तव्यावर करपते. नावं बघा मात्र, सगळी तालमींची. माणसं अंगात जर्सी घालतात आणि तालीम म्हणतात, हे कोल्हापूरशिवाय कुठे होत असेल असं वाटत नाही. आणि त्या फुटबॉलच्या वेडातूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हा खेळ मेला असं मी म्हणणार नाही.

पण आमच्या तालमीतली माती आठवड्यातून एकदा उकरली जाऊ लागली, मग गणपतीपूर्वी एकदा, मग नाहीच. घट्ट झाली. मांजरं जाऊन बसू लागली. एके वर्षी मंडळाच्या बैठकीत ठरलं की जागा वाया जातेय, हॉल करावा, लग्नकार्याला देता येईल. वाईट हेतूने कुणी केलं नाही. हौदात मुरूम टाकला, वर फरशी घातली, एक बाजूला स्वयंपाकाचा ओटा काढला. आबांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सवयीने उठले, अंगणात बसले आणि उजाडल्यावर चहा मागितला. पुढे दोन वर्षांनी गेले.

आणि मी? मी त्या तालमीत पहिल्यांदा पाऊल टाकलं ते हॉल झाल्यावर. माझ्या चुलत जावेच्या मुलीची हळद होती. उंबरा तोच, दगडी, मधे झिजलेला. बायका भराभर आत जात होत्या, कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं कारणही नव्हतं, त्यांच्यापैकी निम्म्या सासरहून आलेल्या. मी मात्र थांबले. हातात हळदी-कुंकवाचं ताट. मागून एक जण म्हणाली, "बाई, पुढं व्हा की!" मग गेले. पांढरी फरशी, त्यावर सतरंज्या. आबांनी जमिनीवर बोटाने काढून दाखवलेला नकाशा माझ्या डोक्यात होता, त्यामुळे हौद कुठून कुठवर होता ते कळत होतं. कोनाड्यातला मारुती तिथेच होता, शेंदूर ताजा. नवरीला बसवलं ती जागा बरोबर हौदाच्या मधोमध. तिला हळद लावताना माझ्या मनात आलं, हळद या जागेला नवी नाही, मातीत पडतच होती इतकी वर्षं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आनंद झाला की वाईट वाटलं, आजही धड सांगता येणार नाही. ज्या दारातून मला आत घेतलं नाही ते उघडलं, आणि आत जे बघायचं होतं ते नव्हतं.

१९८३-८४ ची एक गोष्ट. मी ज्या शाळेत होते (तिचंही नाव नको) तिथे माझ्या वर्गात एक मुलगी होती, धावायला विलक्षण. अनवाणी. विभागीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली, पुण्याला जायचं होतं. शाळेने सांगितलं, मुलीबरोबर बाईमाणूस हवं आणि त्याचा खर्च देता येणार नाही. घरच्यांची ऐपत नव्हती. मी विचार केला, गल्लीत तालीम आहे, खेळाचीच संस्था आहे, शेदोनशे रुपयांचा प्रश्न. भावाला पाठवलं विचारायला. उत्तर आलं, पोरींसाठी तालीम नसते. रागावून नव्हे, हसत हसत. मी माझ्या पैशाने तिला एस.टी.ने घेऊन गेले, बाटाचे बूट घेतले, ते तिला चावले म्हणून ती अनवाणीच धावली. पहिल्याच फेरीत बाद झाली. परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कऱ्हाडपर्यंत झोपली. पुढे लग्न झालं, आता ती आजी आहे. सकाळी रंकाळ्यावर भेटते तेव्हा माझ्यापुढे चालत असते आणि मागे वळून म्हणते, "बाई, चला की भराभर!"

म्हणून राही सरनोबत २०१२ ला लंडनला गेली, तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली आणि पुढे टोकियोला गेली, तेव्हा मला वेगळाच अभिमान वाटला. या कोल्हापूरच्या पोरी ऑलिंपिकला पोहोचल्या त्या तालमीच्या वाटेने नव्हे. त्यांना बंदूक घेऊन दुसरीच वाट काढावी लागली. आणि २०२३ च्या मार्चमध्ये शेजारच्या सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. तो फोटो मी पेपरातून कापून ठेवलाय. आबांना दाखवला असता तर आधी नाक मुरडलं असतं आणि मग विचारलं असतं, "डाव कुठला मारला?"

कुस्ती अजून आहे, असं नाही की नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटे आजही घाम गळतो, पोरं बहुतेक खेड्यावरची. पण पेठेतल्या लहान तालमींचे हौद एकेक करून फरशीखाली गेले, आणि प्रत्येकात कुणीतरी घुमलं होतं, कुणाचं तरी दूध आलं होतं. त्याच ऑगस्टात, स्वप्निलच्या पदकानंतर बरोबर आठवड्याने, ८ तारखेच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. खासबागेला लागूनच ते. सगळं गाव रस्त्यावर येऊन रडलं. मी गच्चीवरून धूर पाहिला. आग लागली की माणसं धावत येतात. फरशीला कुणी धावत येत नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे तालमीच्या मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलंय, आणि जुना इतिहास लिहायला त्यांनी मला सांगितलं. मला! अध्यक्ष घरी आले होते, माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा. म्हणाला, "बाई, तुमच्याएवढं कुणाला माहिती न्हाई." मी म्हटलं, अरे, मी तर आत गेलेच नाही. तो म्हणाला, "आत गेल्याली कोण राहिलीत आता?"

खरंच होतं ते. म्हणून आबांची ट्रंक काढली. तळाशी एक लाल पुठ्ठ्याची वही निघाली, तालमीच्या खर्चाची, साधारण पन्नासच्या दशकातली, अक्षर वस्तादांचं असावं. लिंबं. हळद. गोडं तेल. कापूर. नवीन दोर. हलगीवाल्याला चहा. मैदानाला जायचं भाडं. मधेमधे पोरांची नावं, कुणी कुठे कुस्ती केली आणि इनाम किती, पाच रुपये, सात रुपये, एके ठिकाणी नुसता फेटा. काही नावांपुढे फक्त टोपणनाव किंवा "मिलवाला", "दूधवाल्याचा धाकटा" असं. दुधाची नोंद मात्र कुठेच नाही. पान अन् पान पाहिलं. ते फुकट होतं ना, खर्चात येईलच कसं.

तेव्हा स्मरणिकेत पहिलं पान मी दुधाचं करणार आहे. कुठल्या घरची पाळी कुठल्या वारी होती ते मला आठवतंय, चौदा घरांपैकी अकरा. मंगळवार-शनिवार आमचं, सोमवार कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकूंचं, गुरुवार दोन घरांत वाटून. उरलेली तीन घरं राहिली आहेत. पैलवानांची नावं त्याच्यानंतर येतील, वहीतली सगळी, पाच रुपये इनामवाली सुद्धा. अध्यक्ष थोडे गोंधळलेत, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांना कव्हरवर खाशाबा हवेत. मी सांगितलंय, खाशाबा कव्हरवर असू देत, पण ते आपल्या हौदात घुमले असं छापायचं नाही. यावर अजून बोलणी चालू आहेत!

तर आमच्या नातेवाईक मंडळींना, विशेषतः पुण्याच्या आणि बेळगावच्या, विनंती. तुमच्या घरी तालमीतला एखादा जुना फोटो असेल, मागे खिडकीचे गज किंवा मुदगलं दिसत असतील, तर तो पाठवा. फोटोत कोण आहे ते मागच्या बाजूला लिहा. आणि बुधवारचं दूध कुणाकडून जायचं हे कुणाच्या आईच्या, आज्जीच्या तोंडून ऐकलं असेल तर तेवढं कळवा. फोन रात्री आठनंतर करा. सकाळी मी रंकाळ्यावर असते आणि तिथे बोलता बोलता चालायला लागलं की ती पोरगी फार पुढे निघून जाते.